पायथनमधून क्लाउड सर्च: इलास्टिक क्लाउड की ॲमेझॉन ओपनसर्च?

दोन्ही म्हणजे मजकुरात शोध घेऊन देणाऱ्या क्लाउड सेवा, आणि दोन्हींचं मूळ एकच: इलास्टिकसर्च हे शोधाचं सॉफ्टवेअर. जानेवारी 2021 मध्ये ते बनवणाऱ्या इलास्टिक कंपनीने परवाना बदलायचं जाहीर केलं आणि ॲमेझॉनने त्याच्या 7.10.2 आवृत्तीवरून वेगळी चूल मांडली, तेच ओपनसर्च. त्यामुळे साध्या क्वेऱ्या दोन्हीकडे जवळपास सारख्याच लिहिल्या जातात. खरा फरक आहे तो स्क्रिप्ट जोडताना. म्हणून आधी ठरवा, तुमची स्क्रिप्ट चालणार कुठे?

लॅपटॉपवर किंवा एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवर चालणार असेल, तर माझं मत इलास्टिक क्लाउडला. क्लाउड आयडी (तुमच्या सर्व्हरची ओळख) आणि एपीआय की (स्क्रिप्टसाठीची गुप्त किल्ली) दिली की झालं. तो लांबलचक आयडी गुपित नसतो. कोलननंतरचा भाग बेस64 या साध्या संकेतनातून उलगडला की सर्व्हरचा पत्ता निघतो. जपायची ती की. तीही लागेल त्या इंडेक्सपुरतीच (डेटाच्या संचापुरतीच) बनवा. 'इलास्टिक' या सर्वाधिकारी युजरचा पासवर्ड कोडमध्ये नको. आणि क्लायंटची (सर्व्हरशी बोलणाऱ्या पायथन लायब्ररीची) मुख्य आवृत्ती बांधून ठेवा. सर्व्हर 8 आणि क्लायंट 9 असेल तर हेडर (विनंतीसोबतची माहिती) बघूनच विनंती परत येते.

स्क्रिप्ट लॅम्डावर किंवा ईसीटूवर (ॲमेझॉनच्या कोड चालवायच्या सेवांवर) असेल, तर ओपनसर्च घ्या. तिथे आयएएम रोल (परवानग्या देणारी ॲमेझॉनची ओळख) जोडला की पासवर्ड कुठे ठेवायचा हा प्रश्नच उरत नाही. मात्र सुरुवातीला डोकेदुखी आहे. प्रत्येक विनंतीवर डिजिटल सही लागते, त्यासाठी बोटो3 (ॲमेझॉनची पायथन लायब्ररी) कडून क्रेडेन्शियल्स, रीजन (मुंबईसाठी एपी-साउथ-1) आणि सर्व्हिसचं नाव द्यावं लागतं. नेहमीच्या डोमेनला (तुम्ही उभारलेल्या ओपनसर्च सर्व्हरला) 'ईएस', सर्व्हरलेसला (सर्व्हर ॲमेझॉनच सांभाळतं त्या प्रकाराला) 'एओएसएस'. इथे गल्लत झाली की 403, म्हणजे परवानगी नाही. पोर्टही 443 असं स्पष्ट लिहा, नाहीतर क्लायंट 9200 वर दार ठोठावत बसतो. 403 न येता नुसताच टाइमआउट झाला, तर सहीच्या मागे लागू नका. बहुधा डोमेन व्हीपीसीच्या (खासगी नेटवर्कच्या) आत आहे आणि तुम्ही बाहेर.

एकाचा क्लायंट दुसऱ्याला लावायचा मोह टाळा. इलास्टिकचा पायथन क्लायंट 7.14 पासून समोरचा सर्व्हर आपलाच आहे ना हे तपासतो, नसेल तर काम थांबवतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र दोघांत डावं-उजवं नाही. हिंदी आणि बंगालीचे ॲनालायझर (शब्दांची रूपं ओळखणारी साधनं) तयार मिळतात, मराठीचा नाही. 'घर' शोधल्यावर 'घराजवळ' सापडायला हवं असेल तर ती जुळणी दोन्हीकडे आपल्यालाच करावी लागते.