शांघाय की तोगे? घरच्या लुम्पियाचा हिशेब

परवा ऑफिसातल्या एका मराठी मुलानं विचारलं, "दादा, शनिवारी दहाबारा जण घरी येतायत. लुम्पिया करायचा ठरवलाय. शांघाय करू की तोगे?" पोरगा मनिलात येऊन वर्ष झालंय, दोन्ही खाऊन माहीत आहेत, गुंडाळायचं कसं तेही व्हिडिओ बघून शिकलाय. मी लिफ्टमधून बाहेर पडता पडता "शांघाय" एवढंच म्हणालो. मग दिवसभर चुटपुट लागून राहिली. इतक्या झटकन निकाल द्यायला नको होता, कारण मी स्वतः चार वर्षं तोगेच्या बाजूनं होतो.

लुम्पिया म्हणजे पातळ पापुद्र्यात सारण गुंडाळून तळलेली सुरळी, याहून जास्त इथं सांगत बसत नाही. फक्त नावानं फसू नका. 'शांघाय' हे नुसतं नाव आहे, शांघायमध्ये हा पदार्थ शोधून सापडणार नाही. लुम्पिया हा शब्द होक्किएन या चिनी बोलीतला. फुजियानकडून आलेल्या चिनी व्यापाऱ्यांबरोबर तो इथं उतरला. मनिलाचं बिनोंदो, जगातली सगळ्यात जुनी चायनाटाऊन म्हणतात ती, 1594 सालची आहे. म्हणजे पातळ पापुद्र्यात काहीतरी गुंडाळून खायची सवय या शहराला बरीच जुनी असणार. डुकराचा कच्चा खिमा भरून करंगळीएवढा बारीक वळतात तो शांघाय, आणि परतलेले तोगे, म्हणजे मोड आलेले मूग, भरून चांगला अंगठ्याहून जाड वळतात तो तोगेचा.

आता मोड आलेले मूग म्हटल्यावर मराठी माणूस कुठं झुकणार ते उघड आहे. मीही झुकलो. आमच्या पालेंकेत, म्हणजे मंडईत, माझी एक ठरलेली 'सुकी' आहे. (नेहमीच्या गिऱ्हाइकालाही सुकी म्हणतात आणि नेहमीच्या विक्रेत्यालाही. आपल्या 'सुकी'शी याचा संबंध नाही, आणि तिच्याकडचे तोगे तर कधीच सुके नसतात. पुढचं सगळं रामायण त्यावरूनच आहे.) पांढऱ्याशुभ्र, बोटभर लांब मोडांचा ढीग, वर पाण्याचा शिपका, आणि पैसे इतके किरकोळ की मूठभर जास्त घातले तरी तिला फरक पडत नाही. आपल्याकडे उसळीला मोड आणतो ते धान्याच्या दीडपट झाले की पुरे. इथले अंधारात ठेवून, वरचेवर पाणी घालून वाढवलेले असतात. मुगाचा दाणा नावापुरता, बाकी सगळी पाण्यानं भरलेली दांडी.

पहिल्यांदा पाहुण्यांसाठी केले तेव्हा चाळीस केले. लसूण-कांदा परतून, गाजर, टोफूचे तुकडे, शेवटी तोगे टाकून मोठ्या आचेवर जेमतेम मिनिटभर. भाजी चाखली, अप्रतिम झाली होती. गार करून वळले, ताटात दोन थरांत रचले, वर ओला फडका. पाहुण्यांना पाचची वेळ दिली होती, म्हणून साडेचारला सगळं तयार. इथं 'फिलिपिनो टाइम' म्हणून एक चीज आहे हे मला तेव्हा ऐकून माहीत होतं, भोगलेलं नव्हतं. मंडळी उगवली साडेसहाला. आपण भारतीय वेळेबद्दल उगाच एकमेकांना नावं ठेवतो.

फडका काढला तर वरचा थर ठीक दिसत होता. खालचा उचलायला गेलो आणि लुम्पियाचा पोटाकडचा भाग ताटालाच राहिला. पापुद्रा भिजून टिश्यू पेपरसारखा झालेला, भोकातून दोनतीन दांड्या बाहेर डोकावतायत, ताटात पिवळसर पाणी. जे धड होते ते तेलात सोडले. सुरुवातीला बरे फसफसले, मग एकाची शिवण उकलली, आतलं पाणी तेलात गेलं आणि कढईनं जो काही आवाज काढला, त्यानंतर माझ्या मनगटावर आठवडाभर तीन ठिपके होते. बाकीचे तळले गेले, रंगही आला. दहा मिनिटांत वातड झाले. पाहुण्यांनी "सराप, सराप" म्हणत खाल्ले. छान आहे असं म्हणणं हा त्यांच्या संस्कृतीचा भाग आहे, त्यावर फार विसंबू नये.

यानंतर मी इरेला पेटलो. वर राहणाऱ्या तितांनी (वयानं मोठ्या बाईंना इथं सर्रास 'तिता' म्हणतात, आपल्या मावशीसारखं) सांगितलं, भाजी चाळणीत काढ आणि खाली वाडगा ठेव. ठेवला. तासाभरात वाडग्यात अर्धी वाटी पाणी. हे पाणी आधी माझ्या लुम्पियात जात होतं, हे कळणं हीच मोठी प्रगती. मीठ पडलं की मोड पाणी सोडत राहतात, म्हणून मीठ वळायच्या अगदी आधी घालून पाहिलं. थोडा फरक पडला. दोन पापुद्रे एकावर एक गुंडाळून पाहिले, तर बाहेरचा कुरकुरीत आणि आतला कच्च्या पिठासारखा चिकट. एकदा तर घरी आपल्या पद्धतीचे आखूड मोड आणून केले. पाणी सुटलं नाही हे खरं, पण चव लागली ती उसळीच्या वळकटीची, आणि दाण्यांनी पापुद्र्याला भोकं पाडली ती वेगळीच.

एक मान्य केलं पाहिजे. कढईतून काढल्या काढल्या, ठेचलेली लसूण आणि तिखट मिरची घातलेल्या सुक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून खाल्लेला तोगेचा लुम्पिया शांघायपेक्षा सरस आहे. वरचं आवरण चुरचुरतं, आत मोड अजून कचकचीत असतात, आणि ती आंबट धार. (आपला आंबटचुका आणि इथला सुका, दोघांचं मूळ संस्कृत 'चुक्र' असं सांगतात. खाताना पटतं.) रस्त्यावर दुपारच्या मेरिएंदाला, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्याला, तो इतका चांगला लागतो याचं कारणही तेच. तिथं बाई तळते आणि तुम्ही समोर उभे असता. घरी आपण तळतो आणि लोक अजून ट्रॅफिकमध्ये असतात.

तोगे थांबायला तयार नाहीत, माझा काटा या एका गोष्टीवर फिरला. वळून ठेवलेले थांबत नाहीत आणि तळून ठेवलेलेही थांबत नाहीत. फ्रीझरमध्ये टाकून पाहिले, तर गोठलेल्या मोडांची दांडी बर्फानं फुटते आणि तेलात गेल्यावर होतं नव्हतं ते सगळं पाणी एकदम सोडते.

शांघायचं गणित उलटं आहे. पापुद्रा दोन्हीकडे एकच आणि तो आधीच तव्यावर शिजलेला असतो. करंजीसारखं मोहन त्यात नाही, त्यामुळे खुसखुशीतपणाची अपेक्षा ठेवू नका. तळताना त्यातला ओलावा निघून गेला की कुरकुरीत होतो, आतून पुन्हा वाफ येऊन मुरली की संपला. खिमा शिजताना आवळतो, अंड्यानं बांधला जातो, बरंचसं पाणी धरून ठेवतो, आणि त्यातली चरबी पापुद्र्याला आतल्या बाजूनंही तळते. म्हणून अगदी निवडलेला, बिनचरबीचा खिमा घेऊ नका, कोरडा भुसा होतो. चिकनचा चालतो, पण मग चमचाभर तेल घाला. कांदा आणि गाजर अगदी बारीक चिरून मुठीत पिळून घ्या. आणि सिंगकामास मिळाला तर जरूर घाला. हा मेक्सिकोचा कंद, स्पॅनिश गलबतांच्या काळात इथं आला आणि इथलाच झाला. खिम्यात अधूनमधून दाताखाली येतो तेव्हा बरं वाटतं.

शांघायलाही खोडी आहेत, नाही असं नाही. पहिली म्हणजे सारण कच्चं, त्यामुळे चाखता येत नाही. नैवेद्याचं चाखायचं नाही अशा घरात वाढलेल्यांना हे जमायला हवं, मला अजून जमत नाही. मी सुपारीएवढी गोळी तव्यावर भाजून खातो आणि मग मीठ ठरवतो. दुसरी म्हणजे आच. मोठी ठेवली तर वरून तांबूस आणि आत गुलाबी, आणि डुकराच्या मटणाच्या बाबतीत ते चालणार नाही. पापुद्र्याचा कपटा तेलात टाकायचा. लगेच वर येऊन बारीक बुडबुडे काढत राहिला, पण करपला नाही, की तेल तयार. मग मध्यम आचेवर पाचसहा मिनिटं, एका वेळी आठदहा, आणि पहिला नग मधोमध तोडून बघायचा. करंगळीपेक्षा जाड वळायचा मोह टाळला तर अडचण येत नाही. तिसरी खोड म्हणजे वळायचा कंटाळा. अर्धा किलो खिम्याचे तीसेक होतात आणि विसाव्यानंतर मान दुखते. तिता लांबलचक वळतात आणि सुरीनं तीन तुकडे करून तळतात. काम वाचतं, पण उघड्या टोकांतून खिम्याचा चुरा तेलात पडून करपतो. मला ते तेल पाहवत नाही, म्हणून मी एकेकच वळतो.

पण हे सगळं आदल्या आठवड्यात, रात्री कुणी नसताना करता येतं. एकमेकांना न चिकटवता ताटात मांडून गोठवायचे, कडक झाले की पिशवीत. तळायच्या दिवशी बाहेर काढून ठेवायचे नाहीत, थेट फ्रीझरमधून तेलात, मिनिटदोन मिनिटं जास्त. वितळू दिले तर पापुद्रा ओला होतो आणि शांघायचाही तोगे होतो. पाहुणे दारात चपला काढत असताना कढई तापवली तरी पुरतं. तळलेलेही तासभर बऱ्यापैकी तग धरतात. मात्र झाऱ्यातून काढून एकावर एक ढीग लावायचा नाही. डब्यात किंवा जाळीवर उभे ठेवायचे आणि काहीही झालं तरी झाकण घालायचं नाही. झाकणाची आपल्या बायकांना आणि इथल्या तितांना सारखीच हौस आहे.

पापुद्र्याबद्दल दोन शब्द. मंडईतला गोल, ताजा 'बालात' पातळ असतो आणि तळल्यावर काचेसारखा तडकतो, पण एकेक सोडवताना फाटतो आणि संध्याकाळपर्यंत कडा वाळतात. सुपरमार्केटमधला गोठवलेला चौकोनी पापुद्रा जरा जाड, पण समजूतदार. तोगेसाठी मी चौकोनी घेईन, शांघायला दोन्ही चालतात. मैद्याची खळ करून चिकटवा, नुसत्या पाण्यावर भरवसा नको. आणि पुण्यामुंबईत कुणी करणार असेल तर समोसा पट्टीच्या नादाला लागू नका, ती रुंदीला पुरत नाही. गोठवलेले स्प्रिंग रोलचे पापुद्रे तिथंही मिळतात.

एअर फ्रायरचं विचाराल तर शांघायला तेलाचा हात फिरवून बरा होतो, फक्त खारी बिस्किटाच्या वळणावर जातो. तोगेचा त्यात घालू नका.

शाकाहारी मंडळींची अडचण मात्र खरी आहे. आमच्या घरातही गुरुवार आहेत. पण बाहेरचा तोगे शाकाहारी असतोच असं समजू नका. त्यात बारीक कोळंबी किंवा खिमा घालायची पद्धत आहे, आणि 'गुलाय' म्हणजे भाजी असं सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. विचारून घ्या. घरी करणार असाल तर तोगे निम्मे करा, निम्मं गाजर, फरसबी आणि भाजलेला टोफू. पाणी बरंच आटोक्यात येतं. मग तो तोगेचा लुम्पिया उरतो का, हा वाद तितांशी घालून झालाय, त्या म्हणतात उरत नाही.

तोंडी लावायला शांघायबरोबर गोड-आंबट आग्रेदुल्से करतात, नाहीतर केळ्याचं केचप. ते कुणाला विचित्र वाटेल, पण मारिया ओरोसा या अन्नतंत्रज्ञ बाईंनी टोमॅटोऐवजी इथल्या केळ्यांचं केचप केलं, त्याला आता कित्येक दशकं झाली. बाई 1945 मध्ये मनिलाच्या लढाईत गेल्या, केचप घरोघर राहिलं. मुलांना तेच आवडतं. मी शांघायलाही सुकाच घेतो. इथले लोक माझ्याकडे जरा बघतात.

एका घरची एक शेगडी आणि एका माणसाची चिडचिड, एवढाच या सगळ्याला आधार. तुमच्याकडे मोठी कढई, मदतीला दोन हात आणि वेळेवर येणारे पाहुणे असतील तर निकाल वेगळा लागू शकेल. असे पाहुणे मला अजून भेटलेले नाहीत.

म्हणून त्या पोराला काल पुन्हा गाठून सांगितलं, आज-उद्या रात्री बसून एक किलोचा शांघाय वळ आणि फ्रीझरला टाक. शनिवारी सकाळी मंडईतून पाव किलो तोगेही आण, भाजी करून चाळणीत ठेव, पण वळू नकोस. सगळे जेवून पांगले की जे दोघंतिघं स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून गप्पा मारत राहतात, त्यांच्यासमोर वळ आणि त्यांच्यासमोर तळ. लसूण ठेचून सुका तेवढा आधी करून ठेव, तो मुरलेला चांगला.