हिस्ट्रीची डिग्री आणि कर्ज: कॉलेज स्कोअरकार्ड दोन महिने वापरून बघितलं

मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला हिस्ट्रीच करायचंय. इथे अमेरिकेत आपल्या लोकांत हे सांगितलं की समोरचा जरा गप्प होतो आणि मग विचारतो, करून पुढे काय? खोटं कशाला बोलू, मलाही तोच प्रश्न पडला होता. पण ती शनिवारी सकाळी उठून नॅशनल आर्काइव्हजसाठी (सरकारचं जुन्या कागदपत्रांचं दप्तर) अमेरिकन क्रांतीतल्या सैनिकांचे पेन्शनचे जुने अर्ज टाइप करत बसते, गिचमिड हाताने लिहिलेले, एकेका शब्दावर अर्धा अर्धा तास झूम करून बघते. अशा पोरीला कम्प्युटर सायन्स घे म्हणायला माझी जीभ वळेना. मग म्हटलं आधी हिशोब तरी करू.

त्यासाठी वापरलं कॉलेज स्कोअरकार्ड. फेडरल म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याची ही वेबसाइट, फुकट आहे, २०१५ पासून चालू आहे, आणि २०१९ पासून त्यात विषयवार आकडे पण येतात. कॉलेज उघडायचं, फील्ड्स ऑफ स्टडीमध्ये हिस्ट्री शोधायचं, की त्या विषयाच्या मुलांची मीडियन (म्हणजे सगळे आकडे ओळीने लावले की बरोबर मधला) कमाई आणि मीडियन कर्ज समोर. कमाई सरकारी टॅक्स रेकॉर्डवरून घेतात, कॉलेज स्वतः सांगत नाही, म्हणून चकचकीत ब्रोशरपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. वापरायला एकदम सोपं, दोन कॉलेजं शेजारी शेजारी ठेवून पण बघता येतात.

आता खरी गोष्ट, कर्जाचा रकाना. महागडं कॉलेज काय आणि स्वस्तातलं काय, कर्ज जवळपास सारखंच दिसत होतं, मी म्हटलं वा, मग महागड्यालाच जाऊ दे की! नंतर डोक्यात प्रकाश पडला. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं ७,५००, यापेक्षा जास्त मिळतच नाही. चार वर्षांचे झाले २७,०००. म्हणजे तो आकडा मुळातच एका मर्यादेत अडकलेला आहे, त्याच्या वरची फी आईवडिलांनी पेरेंट प्लस लोन (आईवडिलांच्या नावावरचं फेडरल कर्ज) काढून भरली असेल किंवा बँकेचं प्रायव्हेट लोन घेतलं असेल तर ते त्यात धरलेलंच नाही. हे ज्याला माहीत नाही तो फसणार, आणि हिस्ट्रीसारख्या विषयात फसणं परवडत नाही कारण सुरुवातीचा पगार बेताचा असतो.

मी वहीत मांडून बघितलं. २७,००० डॉलर, व्याज ५.५ टक्के धरलं, दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याला साधारण २९३ डॉलर. काटकसर करून हे जमतं. पण वर ६०,००० चं दुसरं कर्ज ८ टक्क्यांनी घेतलं तर त्याचे आणखी ७२८, म्हणजे एकूण हजाराच्या वर हप्ता, दहा वर्षं, दर महिन्याला. डिग्री तीच, पुस्तकं तीच. मुलगी वाकून बघत होती, म्हणाली आई, म्हणजे प्रॉब्लेम हिस्ट्रीचा नाहीये, कॉलेजचा आहे. मला दोन महिने लागले ते तिने एका वाक्यात सांगितलं.

कमाईचा रकाना मात्र जपून वाचा. एकतर तो डिग्रीनंतरच्या पहिल्या काही वर्षांचा आहे. शिवाय त्यात ज्यांना फेडरल मदत मिळाली होती, जे काम करतायत आणि सध्या शिकत नाहीत तेच धरतात. हिस्ट्रीवाली बरीच मुलं पुढे लॉ स्कूलला जातात, कोणी टीचिंगचं मास्टर्स करतं, ती शिकत असतील तोवर या गणतीत नाहीत. आणि छोट्या डिपार्टमेंटचे आकडे प्रायव्हसीसाठी दाखवतच नाहीत, ते योग्यच आहे, पण मग तिथे तुलना करायला काही उरत नाही. म्हणून कमाई बघून विषय सोडायला लावू नका असं माझं कळकळीचं मत आहे.

अजून एक, शाळेत किंवा सरकारी म्युझियम, आर्काइव्हजमध्ये नोकरी करायची असेल तर पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस नक्की वाचा, २००७ च्या कायद्यातली योजना आहे, पात्र असे १२० हप्ते भरल्यावर उरलेलं फेडरल कर्ज माफ होतं. प्रायव्हेट लोनला ते लागू नाही, म्हणजे पुन्हा तोच मुद्दा.

आणि अवॉर्ड लेटर, म्हणजे कॉलेज किती आर्थिक मदत देतंय त्याचं पत्र, हातात आलं की पेन घेऊन बसा. एका कॉलेजने आम्हाला पाठवलेल्या पत्रात ग्रँट (जी परत करावी लागत नाही) आणि लोन एकाच बेरजेत टाकून वर ‘तुमची मदत’ लिहिलं होतं. लोन खोडल्यावर ती रक्कम निम्मीसुद्धा उरली नाही. मला खूप राग आला त्या दिवशी.

माझ्याकडून स्कोअरकार्डला पाचपैकी चार. एक कापला तो कर्जाच्या आकड्यासाठी, त्यात काय धरलेलं नाही ते तिथेच ठळक अक्षरात हवं होतं. आमच्या वहीत आता दोनच नावं उरलीत, दोन्ही स्टेट युनिव्हर्सिटी, दोन्हीकडे ती २७,००० च्या आतच राहील. १ मे पर्यंत कळवायचंय. कुणाच्या मुलांनी स्टेट युनिव्हर्सिटीतून हिस्ट्री केली असेल तर कृपया लिहा, पहिली नोकरी कुठे लागली आणि हप्ता झेपला का.