"ताई, मी जोडून देतो"

आमचं बेळगावच्या उद्यमबागेत लहानसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिलिंग. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं आणि मशीनिंग करून द्यायचं. मशीनवर आमचे हे आणि दोन कामगार. बिलं, जीएसटी, मेल हे सगळं माझ्याकडे. म्हणजे जे झालं ते माझ्याच हातून झालं, हे आधी सांगून टाकते. घरात त्यावरून मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागतं.

2025 च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज कडाडली आणि ऑफिसचा कॉम्प्युटर गेला. दुकानदारानं नवीन आणून बसवला, विंडोज घालून दिलं, पैसे घेऊन गेला. मेल तेवढी राहिली. जुन्या कॉम्प्युटरवर भाच्यानं आउटलुक 2010 टाकून दिलं होतं. सकाळी बटण दाबलं की जीमेलची पत्रं समोर हजर. इतकी वर्षं त्यातच काम केल्यावर हात दुसरीकडे वळत नाही. 2022 मध्ये ते एकदा बंद पडलं होतं, तेव्हाही भाच्यानंच काहीतरी करून चालू केलं. काय केलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते.

जुनी सीडी सापडली. आउटलुक घातलं. डायरीत लिहून ठेवलेलं होतं: येणाऱ्या पत्रांसाठी आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट 993, जाणाऱ्या पत्रांसाठी एसएमटीपी, पोर्ट 465. सगळं घातलं, पासवर्ड घातला. चौकट परत आली: पासवर्ड द्या. परत दिला. परत आली. डायरीतल्या एकेका अक्षरावर बोट ठेवून दिला, तरी परत आली. मला वाटलं माझंच काही चुकतंय. चुकत काहीच नव्हतं. नेहमीचा पासवर्ड घेऊन जुन्या प्रोग्रॅमला आत सोडणं गुगलनं 30 मे 2022 पासून बंद करत आणलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

भाचा पुण्याला, रात्रपाळीला. झोपला असेल, कशाला उठवा, म्हणून मोबाईलवर शोधलं: जीमेल मदत नंबर. सगळ्यात वर एक टोल फ्री नंबर आला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असणार, ते कोण बघतंय! जीमेलच्या फुकटच्या खात्याला फोनवरून मदत देणारा नंबर नसतोच. ज्या वस्तूचा नंबरच नाही तिचा नंबर शोधला, की तो पुरवायला कुणीतरी बसलेलं असतंच.

फोन एका मुलीनं उचलला, हिंदीत. माझं हिंदी ऐकून म्हणाली, "मराठी क्या? रुकिए, हमारे मराठीवाले सर को देती हूँ." आणि मग तो आला.

"ताई, बेळगावच्या काय? माझी मावशी खानापूरला दिलीय."

इथं जरा थांबते. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे बँकेचा फोन लावला तर कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. लाईट बिल कन्नडात, उतारा कन्नडात, सरकारी ऑफिसातला फलक कन्नडात. बाजारापुरतं कन्नड मला येतं, खरं कागद वाचायला दुसऱ्याकडे द्यावा लागतो. (आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात, सांभाळून घ्या.) अशात कंपनीच्या नंबरावर कुणी 'ताई' म्हणून मराठीत बोलायला लागला, वर मावशी खानापूरची, तर माणूस अर्धा विरघळतो. मी पूर्ण विरघळले. त्यांना पासवर्डच्या आधी हे विरघळणंच हवं असतं.

"काळजी करू नका, मी जोडून देतो," म्हणाला. दुरून स्क्रीन चालवायचं एक ॲप घ्यायला लावलं, त्यावर आलेला नऊ आकडी नंबर मी वाचून दाखवला. असल्या ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2019 च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. मला मात्र एवढंच पाठ होतं की ओटीपी कुणाला सांगायचा नाही. आणि गंमत बघा, तो स्वतःच म्हणाला, "कोड आला काय? मला सांगू नका हां ताई. तुम्हीच टाका." मी म्हटलं, केवढा प्रामाणिक माणूस!

दोन टप्प्यांची सुरक्षा, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोडही लागतो ती, त्यानं माझ्याकडूनच चालू करून घेतली. मग गुगलच्या पानावर सोळा अक्षरं आली, चार-चारच्या गटात. "हा ॲप पासवर्ड. हा तिथं टाका." टाकला. ही सोळा अक्षरं म्हणजे आउटलुकसारख्या जुन्या प्रोग्रॅमला दिलेली वेगळी किल्ली. ती ज्याच्याकडे असेल त्याला ना आपला पासवर्ड लागतो, ना मोबाईलवरचा कोड. दोन टप्प्यांची सुरक्षा तिला आडवी येत नाही. आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर माझ्या स्क्रीनवर उघडी पडली होती. त्याला ओटीपी कशाला हवा?

मग म्हणाला, हे आउटलुक जुनं झालं, त्यापेक्षा थंडरबर्ड हा मेलचा दुसरा प्रोग्रॅम घालतो, कायमचं लायसन्स 1,499 रुपये. यूपीआयनं दिले. "आता दोन मिनिटं स्क्रीन काळी दिसेल, अपडेट चालू आहे, कशाला हात लावू नका." मी चहा ठेवायला गेले. चहा उकळला, गाळला, ह्यांना आणि पोरांना देऊन आले, तरी स्क्रीन काळीच. मग उजेड आला आणि थंडरबर्डात सगळी पत्रं ओळीनं दिसली. मी त्याला दोनदा धन्यवाद दिले.

चार दिवसांनी भाच्याशी बोलताना विषय निघाला. "मामी, थंडरबर्ड फुकट असतं! पैसे कुणाला दिलास?" त्यानं लगेच पासवर्ड बदलायला लावला, ते ॲप काढायला लावलं. मी 1,499 रुपये अक्कलखाती टाकले आणि विषय मिटवला. लहान चोरी सापडली की माणूस मोठी शोधत नाही.

आता नीट वाचा. गुगलचा पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात, त्यामुळे त्याची किल्ली त्या दिवशी मेली. खरं मधले चार दिवस होते. आयमॅपमध्ये पत्रं गुगलकडेच राहतात आणि जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला तीच दिसतात. तसा त्याचाही एक कॉम्प्युटर जोडलेला. आमची सगळी बिलं, लेटरहेड, ह्यांची सही, कुणाचं किती येणं, कोण किती दिवसांनी देतो, सगळं त्यानं उतरवून घेतलं. आणि काळ्या स्क्रीनच्या मागे त्यानं आणखी एक काम केलं होतं. जीमेलच्या सेटिंगमध्ये एक फिल्टर: येणाऱ्या पत्रात पेमेंट, बिल, बँक, आरटीजीएस यातला शब्द असला की त्याची एक प्रत एका परक्या पत्त्यावर. फिल्टर पासवर्ड बदलल्यानं जात नाही. कुलूप आम्ही बदललं, मोरीचं भोक तसंच राहिलं.

फॉरवर्डिंग असं नव्यानं चालू झालं की जीमेल पहिले काही दिवस इनबॉक्सच्या वर पट्टी दाखवतं, की तुमची पत्रं अमुक पत्त्यावर जातायत. ही पट्टी ब्राउझरमध्ये दिसते. थंडरबर्डात दिसत नाही. आणि मी तर ब्राउझर उघडायला नको म्हणूनच हा सगळा खटाटोप केला होता!

जुलैत कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं बिल होतं, 3,86,400 रुपयांचं. सासरे होते तेव्हापासूनचा व्यवहार, मला वहिनी म्हणतात. पंचेचाळीस दिवस होत आले म्हणून मी फोन केला.

"वहिनी, पैसे तर गेल्या शुक्रवारीच सोडलेत की."

"कुठल्या खात्यावर?"

"तुमच्याच की ओ. नवीन कळवलाय तो."

मी म्हटलं, आम्ही कुठला नवीन कळवला? पलीकडे शांत. मग कागद चाळल्याचा आवाज. त्यांनी शेवटचे चार आकडे वाचले. आमचे नव्हते.

ते पत्र त्यांनी पाठवलं तेव्हा मी स्वतःही फसले असते, असं होतं. लेटरहेड आमचं, जीएसटी नंबर आमचा, बिल नंबर बरोबर, माझी 'कळावे' लिहायची सवयसुद्धा. मजकूर एवढाच: ऑडिटमुळे करंट खातं आठ दिवस बंद आहे, तोवर आमच्या पार्टनरच्या ह्या खात्यावर पाठवा. पत्ता मी चार वेळा वाचला तरी फरक दिसेना. भाच्यानं अक्षरं मोठी करून दाखवली. आमच्या पत्त्यात इंग्रजी लहान 'एम' आहे. त्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. चिकटून आले की एमच दिसतो. आरटीजीएस, एनईएफटी करायच्या आधी खातेदाराचं नाव बघायची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत बँकांनी द्यायची होती, ती त्यांच्याकडे होती. त्यांच्या अकाउंटंटनं नाव बघितलंही. भलत्याच माणसाचं होतं. खरं पत्रात 'पार्टनरचं खातं' असं आधीच लिहून ठेवलेलं, त्यामुळे त्याला वाटलं, बरोबर आहे.

सायबर फसवणुकीसाठी 1930 हा सरकारी नंबर आहे, त्याला मी लगेच फोन लावला. कन्नडात "रोक्क होत्री" (पैसे गेले हो) एवढं सांगितलं आणि पुढं शब्द सुचेनात, रडूच आलं. पलीकडची बाई हिंदीवर आली, समजूतदार होती. पैसे ज्यांच्या खात्यातून गेले त्यांनी तक्रार द्यायची, यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर, हाताशी ठेवायचा, हे तिनं सांगितलं. शिरोलीच्यांनी तिकडून दिली. आमची मेल उघडल्याची तक्रार मी सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन ह्या पोर्टलवर आणि इथल्या ठाण्यात वेगळी दिली. ठाण्यात स्क्रीनशॉट चालला नाही. ज्याला पत्र आलं त्यानं जीमेलमध्ये ते उघडलं की तीन ठिपक्यांत 'शो ओरिजिनल' असतं, ते आख्खं हवं होतं, ते पत्र कुठून कसं आलं ते त्यात असतं. म्हणून असलं पत्र चिडून पुसू नका. कागद सगळे कन्नडात. त्यातलं आयटी कायद्याचं कलम 66सी (दुसऱ्याची ओळख चोरणं) आणि 66डी (तोतयेगिरी करून फसवणं) एवढंच मला वाचता आलं, कारण आकडे होते.

पैसे जाऊन सहा दिवस झाले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येतात. आमचे 58,000 तेवढे एका खात्यात गोठले, बाकीचे पुढं पुढं गेले. उरले 3,28,400. शिरोलीचे म्हणाले, पत्र तुमच्याकडूनच फुटलं. हे म्हणाले, पत्ता आमचा नव्हता, तुम्ही फोन का केला नाही. दोघांचंही खरं. तीन आठवडे बोलणं बंद होतं. शेवटी निम्मं-निम्मं ठरलं. 1,64,200 आम्ही पुढच्या तीन बिलांतून सोडले. आता ते पैसे सोडायच्या आधी फोन करतात, मी शेवटचे चार आकडे वाचते, मगच बटण दाबतात. बिलाच्या तळाशी छापूनच घेतलंय, खातं बदललं तर मेलनं कधीच कळवणार नाही.

मेल जोडायचं काम खरं तर पाच मिनिटांचं. थंडरबर्ड त्यांच्याच साइटवरून फुकट घ्यायचं, आपलं नाव आणि पत्ता घालायचा. जीमेलचा सर्व्हर, पोर्ट ते आपणच शोधतं. गुगलची स्वतःची खिडकी उघडते, तिथं लॉगिन करून परवानगी द्यायची, झालं. त्यात सोळा अक्षरांची किल्ली लागतच नाही. जुनं आउटलुकच हवं असेल तर लागते, तेव्हा ती काढताना स्क्रीन दुसऱ्या कुणाला दिसत नाही एवढं बघा. आणि कुणाला एकदा जरी कॉम्प्युटर चालवायला दिला असेल, तर आजच ब्राउझरमधून जीमेल उघडा, वरचं दातेरी चाक दाबा, सगळ्या सेटिंगमध्ये जा. 'फिल्टर्स' बघा, 'फॉरवर्डिंग' बघा, 'अकाउंट्स'मध्ये आणखी कुणाला मेल वाचायची परवानगी दिलीय काय आणि उत्तराचा पत्ता कुठला घातलाय, ते बघा. मी ते बघितलं तेव्हा ऑगस्ट उजाडला होता. फिल्टर तेव्हाही चालू होता.

दिवाळीनंतर दुपारी ऑफिसात फोन वाजला. नंबर वेगळा. आवाज तोच की दुसरा, शपथेवर नाही सांगता येणार. म्हणाला, थंडरबर्डचं रिन्यूअल आलंय. मी गप्प राहून ऐकत होते.

"ताई, बेळगावच्या काय? माझी मावशी निपाणीला दिलीय."

मी म्हटलं, "आणि खानापूरची कुठं गेली?"

फोन कट झाला.