ग्रेपफ्रूटचा रस: चव छान, पण घरात कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर आधी वाचा

तीन स्टार, तेही चवीचे. एक लिटरचा खोका, गुलाबी ग्रेपफ्रूट, वरून साखर नाही. पहिला घोट कडसर लागतो, मग आंबटगोड. गार करून चिमूटभर सैंधव घातलं की उन्हाळ्यात मस्त लागतो.

दोन स्टार कापले ते खोक्यावरच्या ‘हृदयासाठी उत्तम’ या ओळीमुळे. हृदयाला जपणाऱ्या घरातच तर कोलेस्टेरॉलची गोळी असते, आणि नेमकं हेच फळ त्यातल्या काही गोळ्यांना चालत नाही. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्यं आतड्यातलं एक एन्झाइम निकामी करतात. एरवी गोळीचा बराच भाग तिथेच मोडतो. तो मोडला नाही की गोळी तेवढीच, पण रक्तात औषध जास्त. मग अंग, मांड्या दुखतात. क्वचित स्नायूंना इजा होऊन प्रकरण मूत्रपिंडापर्यंत जातं.

‘गोळी रात्री, रस सकाळी’ अशी तोड आमच्या यांनी लगेच काढली. उपयोग नाही! एन्झाइम नव्याने तयार व्हायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो.

गोळीचं नाव मात्र नीट बघा. सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन असेल तर हा रस नकोच. यांना एटोरव्हास्टॅटिन आहे. तिच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात दिवसाला १.२ लिटरच्या वर रस नको, असं आहे. म्हणजे एका कपाने आभाळ कोसळत नाही. पण रोज न्याहारीला ग्लास भरायचा तर डॉक्टरांना विचारलेलं बरं. आमच्या डॉक्टरांनी ‘त्यापेक्षा संत्र्याचा घ्या’ म्हणून विषय संपवला. वन्संना रोसुव्हास्टॅटिन आहे, तिला हा रस आडवा येत नाही. उरलेला खोका त्यांच्याकडे गेला. त्यांनी त्यात साखर घातली, ते सोडा.

गंमत म्हणजे हे सगळं १९८९ साली कॅनडात अपघातानेच कळलं. रक्तदाबाच्या एका गोळीवर दारूचा परिणाम तपासत होते आणि दारूची चव लपवायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता.

कोकणातल्यांनी आपल्या पपनसाकडेही लक्ष ठेवावं. ग्रेपफ्रूट त्याच्याच संकरातून आलेलं, आणि ती द्रव्यं पपनसातही असतात. गणपतीत अख्खं सोलून बसण्याआधी केमिस्टला गोळीची पट्टी दाखवा.