हायडेगर वाचायचाय? १९२७चा ग्रंथ आधी, की १९५३चं व्याख्यान?

जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरकडे वळलेला वाचक बहुधा दोन ठिकाणी घुटमळतो. एकीकडे १९२७चा ‘बीइंग अँड टाइम’: ८३ परिच्छेदांचा (म्हणजे क्रमांक दिलेल्या छोट्या प्रकरणांचा), दमछाक करणारा आणि तरीही अपुरा, कारण जाहीर केलेला उरलेला भाग कधी आलाच नाही. दुसरीकडे तंत्रज्ञानावरचं व्याख्यान, १९५३ साली म्युनिकमध्ये दिलेलं, एका बैठकीत संपणारं. बहुतेक जण छोटं आधी वाचा म्हणतील. माझा कौल मोठ्याला आहे, आणि त्यामागचं कारण हायडेगरच्या चरित्रात आहे.

आधी वाचनाचा अनुभव. ग्रंथातली भाषा चमत्कारिक आहे, पण उदाहरणं हाताशी येणारी. कारागीर खिळा ठोकत असतो तेव्हा त्याचं लक्ष हातोडीकडे नसतंच, ते कामात असतं. हातोडी ‘वस्तू’ म्हणून नजरेत भरते ती मोडली की, किंवा जागेवर सापडली नाही की. म्हणजे जगाशी आपली पहिली गाठ बघण्यातून पडत नाही, वापरण्यातून पडते. इकडे मन आणि तिकडे वस्तू, ही फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तपासून चालत आलेली मांडणी इथे मुळापासून हलते. हे पटायला हायडेगरभक्त असावं लागत नाही. पंधराव्या ते अठराव्या परिच्छेदापर्यंत चिकाटीनं वाचलं की झालं.

व्याख्यानातलं गाजलेलं उदाहरण ऱ्हाइन नदीवरच्या वीजकेंद्राचं. जुना लाकडी पूल नदीवर बांधलेला होता. आता नदीच वीजकेंद्रात बांधली गेली आहे, पाण्याचा दाब पुरवण्यापुरती. निसर्गरम्य नदी म्हणून तरी ती उरली ना? हो, पर्यटन व्यवसायानं धाडलेल्या मंडळींना बघण्यासाठी! हा टोमणा आजही झोंबतो. सगळं जग ‘मागणीनुसार हजर असलेला साठा’ म्हणून दिसू लागणं हा त्याच्या मते आधुनिक तंत्रज्ञानाचा खरा धोका, यंत्रं नव्हेत.

मग अडचण कुठे? हे व्याख्यान १९४९च्या ब्रेमेनमधल्या व्याख्यानमालेतून वाढलं. तिथे हायडेगरनं यांत्रिक शेती आणि संहारछावण्यांतली प्रेतनिर्मिती तत्त्वतः एकच, असं म्हटलं होतं. छापील व्याख्यानात शेती म्हणजे यांत्रिक अन्नउद्योग एवढंच उरलं. पुढचा भाग गळला. ज्याला हे ठाऊक नाही त्याला हा मजकूर पर्यावरणाची कळकळ वाटतो. ज्याला ठाऊक आहे त्याला प्रश्न पडतो की सगळ्याचं खापर ‘तंत्रज्ञानावर’ फोडलं, तर मारणाऱ्या माणसांची जबाबदारी गेली कुठे? विशेषतः बोलणारा स्वतः १९३३ साली फ्रायबुर्ग विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, झालेला आणि त्याच वर्षी मे महिन्यात नाझी पक्षात शिरलेला असताना. रेक्टरपद त्यानं वर्षभरात सोडलं, पक्षाचं सदस्यत्व १९४५पर्यंत राहिलं. २०१४पासून छापल्या गेलेल्या ‘काळ्या वह्यां’नी, म्हणजे त्याच्या टिपणवह्यांनी, त्याचा ज्यूद्वेषही उघडा पाडला.

अ‍ॅरिस्टॉटलवर शिकवताना तो म्हणे, तत्त्वज्ञाच्या आयुष्याबद्दल एवढंच पुरे, की तो जन्मला, त्यानं काम केलं आणि तो मेला. स्वतःसाठी ही सोय त्याला फारच हवीहवीशी वाटली असणार.

ग्रंथ तरी निर्मळ आहे का? तसंही नाही. चौऱ्याहत्तराव्या परिच्छेदात व्यक्तीचं भवितव्य अचानक ‘जनसमूहाच्या’ सामायिक नियतीला जोडलं जातं. हायडेगरचा ज्यू वंशाचा विद्यार्थी कार्ल लोविथ १९३६ साली रोममध्ये त्याला भेटला, तेव्हा आपल्या राजकारणाचा पाया इतिहासविषयक याच कल्पनेत असल्याचं हायडेगरनं मान्य केलं, असं लोविथनं नोंदवलंय. फरक इतकाच की ग्रंथात जोड दिसतो. तिथे बोट ठेवून म्हणता येतं, इथवर पटलं, इथून पुढे नाही. व्याख्यानात तो जोड छापण्याआधीच गुळगुळीत झालेला आहे.

इंग्रजीतून वाचणार असाल तर मॅक्वॉरी आणि रॉबिन्सन यांचा १९६२चा अनुवाद जड असला तरी अभ्यासाला बरा. जोन स्टॅम्बो यांचा १९९६चा तुलनेनं सुटसुटीत.

तंत्रज्ञान हाच ज्यांच्या कामाचा विषय आहे त्यांनी खुशाल व्याख्यानापासून सुरुवात करावी, पण ब्रेमेनचं ते वाक्य आधी शोधून वाचावं. बाकीच्यांनी हातोडीचे परिच्छेद, मग १९३३-३४चं चरित्र, मग चौऱ्याहत्तरावा परिच्छेद, आणि ऱ्हाइन त्यानंतर.