गिनी फाउलसाठी खाद्य घेताय? सांगली मार्केट यार्डातल्या दुकानाचा माझा अनुभव

गिनी फाउलचं (कोंबडीसारखाच पाळायचा ठिपकेदार पक्षी) म्हणून वेगळं खाद्य या दुकानात मिळत नाही, ते आधीच सांगतो. पण गिनीला काय लागतं हे काउंटरवरच्या काकांना पक्कं माहितीये आणि मी तिथं जातो ते त्यासाठीच. बाकी ठिकाणी गिनी म्हटलं की "कोंबडीचंच घाला की" म्हणत लेअर मॅशचं पोतं पुढं सरकवतात. अहो, ते अंड्यावरच्या कोंबडीचं, त्यात प्रोटीन 16-18 टक्के आणि कॅल्शियम साडेतीन-चार टक्के, एवढं कॅल्शियम लहान पिल्लांच्या किडनीवर येतं आणि प्रोटीन कमी पडल्यानं वाढ खुंटते ती वेगळीच.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पिल्लं किती दिवसांची, दादा?" पहिले 4 आठवडे गिनीच्या पिल्लांना 24 ते 26 टक्के प्रोटीन लागतं, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरंच जास्त, मग 8 आठवड्यांपर्यंत 18 ते 20 आणि पुढं 16 च्या आसपास भागतं. मग काका ब्रॉयलर प्री-स्टार्टरचं (मांसाच्या कोंबडीच्या अगदी लहान पिल्लांचं खाद्य) पोतं फिरवून तोंडाच्या शिलाईत अडकवलेलं लेबल बोटानं दाखवतात, प्रोटीन किती, पॅकिंग कधीचं. प्री-स्टार्टरमध्ये 22-23 टक्के असतं, म्हणून 9 किलोला 1 किलो सोयापेंड मिसळायला सांगतात, पेंडीत 45 च्या आसपास असल्यानं मिश्रण 25 च्या जवळ जातं. मी तसंच घालतो, पिल्लं चपळ आहेत, पिसंही छान भरलीत.

एकदा माझ्यासमोरच एक शेतकरी म्हणाला, घरचं सोयाबीन पडलंय, दळून घालतो. काकांनी गिऱ्हाईक जाईल याचा विचार न करता पेंड घ्यायच्या आधी त्याला नीट समजावलं की कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णता दिल्याशिवाय जात नाही, तेव्हा कच्चं अजिबात घालू नका. आणि पावसाळ्यात शेंगपेंड मागितली तर मूठभर हातावर घेऊन वास बघतात, जरा कुबट वाटली की "ही नको नेऊ" म्हणून परत पोत्यात. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष पक्ष्यांचं लिव्हर खातं, त्यामुळं हे मला फार मोलाचं वाटतं.

मोठे झालेले गिनी मोकळे सोडले तर किडे, गवताचं बी, कोवळा पाला स्वतःच टिपतात, तेव्हा खाद्याचा खर्च उतरतो. पण बंदिस्त ठेवलेत तर हे सगळं आपल्यालाच द्यावं लागतं, लसूणघास नाहीतर मेथी रोज थोडी टाका.

तक्रार एकच आणि ती मोठी आहे. प्री-स्टार्टर सुटं देत नाहीत, अख्खं 50 किलोचं पोतं घ्यावं लागतं. ज्याच्याकडं वीस-पंचवीस पिल्लं आहेत त्याचं ते संपेपर्यंत पिल्लं मोठी होतात आणि पावसाळी हवेत उरलेलं खराब होतं. काका, 5-5 किलोच्या पिशव्या करून ठेवा, दोन रुपये जास्त लावा, आम्ही देतो.