आवाजी टायपिंगवर प्रवेशाचे निबंध: आठ महिने वापरल्यावर

फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलायचं आणि त्यातून शिष्यवृत्तीचा किंवा परदेशी कॉलेजचा निबंध उभा करायचा, हा प्रकार गावच्या अभ्यासिकेत बारावीच्या मुलांसोबत आठ महिने वापरला. कच्चा माल काढायला झकास. निबंध मात्र यातून आयता मिळत नाही.

कोरा कागद समोर आला की पोरगी लिहिते, ‘परिस्थिती बेताची असल्याने शेतीकामात हातभार लावते.’ माइकवर तीच बोलते, ‘सकायचा कापूस दवानं ओला रायते, काट्यावर जास्त भरते. म्हणून म्या सकायची न दुपारची येचनी वहीत अलग मांडली.’ निबंध इथून सुरू होतो. वजनातला फरक तिनं ओळखला, हिशेबाची रीत बदलली. ‘मी जबाबदार आहे’ असं वेगळं सांगायची गरजच उरत नाही. पण त्यासाठी प्रश्न नेमका हवा. ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटलं की पुन्हा छापील भाषा. ‘वहीत काय मांडतेस? त्यावरून भांडण कधी होतं?’ असं विचारा.

आता त्रास. वऱ्हाडी या आवाजी टायपिंगला झेपत नाही: ‘पऱ्हाटी’चे (कपाशीचे) पराठे होतात, ‘मले’चं (मला) ‘मेले’. मजकूर त्याच संध्याकाळी वाचून घ्या, दोन दिवसांनी बोलणाऱ्यालाही तो उमगत नाही. विचार करायला जरा थांबलं की माइक बंद पडतो आणि पोरं आपली बोलतच राहतात. म्हणून दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग ठेवा. एकाच फोनवर दोन्ही धड चालत नाही. विरामचिन्हं हातानंच.

सहा मिनिटं बोललं की साधारण सहाशे शब्द पडतात, त्यातले दीडशे कामाचे. मराठी मसुदा साडेचारशे शब्दांवर थांबवा. ‘काट्यावर’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन होतात. कॉमन ॲपच्या (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) मुख्य निबंधाला 250 ते 650 शब्दांची मर्यादा आहे, 651वा चालत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाला आठपैकी चार प्रश्नांची उत्तरं लागतात, प्रत्येकी जास्तीत जास्त 350 शब्द. तिथं मराठीत अडीचशे पुरे.

इंग्रजी मुलानंच लिहावं, साधं असलं तरी. यंत्राचा अनुवाद वाक्यं गुळगुळीत करतो आणि दव, काटा, वही सगळं त्यात वाहून जातं. ‘सालदार’ (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) असा शब्द तसाच ठेवून पुढं चार-पाच शब्दांत अर्थ द्या. शिकवणाऱ्यानं समासात फक्त प्रश्न लिहायचे, वाक्य एकही नाही. मजकूर स्वतःचा असल्याची कबुली अर्जात मुलाला द्यावी लागते. (‘सर, तुम्हीच लिहून द्या ना’ म्हणणारे पालक भेटतातच.)

माइकवाला वायरचा इअरफोन घ्या, पंखा बंद ठेवा. टिनाखाली पाऊस सुरू झाला तर त्या दिवशी वही-पेनच बरं.